चारशे सदतीस

मी पाणीपुरवठा विभागात गळती शोधते. जमिनीखालच्या नळाला कुठे भोक पडलं आहे ते वरून आवाज ऐकून सांगायचं, हे माझं बावीस वर्षांचं काम. माझ्याकडे एक पेटी असते. तिच्यात मायक्रोफोन, कानाला लावायचे फोन आणि आवाजातला प्रत्येक सूर वेगळा करून आकड्यांत दाखवणारा छोटा पडदा. आवाज आला की पडद्यावर रेघा उभ्या राहतात. कुठली रेघ नळाची आणि कुठली रस्त्यावरच्या गाड्यांची, ते ओळखायला काही वर्षं जातात.

त्या दिवशी सकाळी जुन्या टाकीच्या मुकादमाचा फोन आला.

"ताई, पेटी घेऊन या. टाकीत आवाज येतोय."

"टाकी नऊ वर्षं रिकामी आहे. गळणार काय?"

"पाण्याचा नाही हो. वाद्यांचा. कंडक्टरसाहेब सकाळपासून डोकं धरून बसलेत. आधी मला वाटलं तिकिटांचं काही असेल."

संध्याकाळी सहाला तिथे कार्यक्रम होता. मला तो पाठ होता, कारण माझ्या घरातली उरलेली दोन्ही माणसं त्यात होती. धाकटी बहीण वाद्यवृंदात चेलो वाजवणार होती आणि बाबांनी टाकीत टांगलेल्या वाद्यांना तारा चढवल्या होत्या. बाबा तंतुवाद्यं दुरुस्त करतात. आई चेलो वाजवायची आणि घरी शिकवायची. मला ऐकू उत्तम येतं, वाजवता काहीच येत नाही. धाकटी म्हणते, सगळ्या घराचा कान एकटीने घेतलास आणि नेऊन नळाला लावलास.

ती आणि बाबा तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आई गेल्यावर धाकटीने तिचा चेलो मागितला होता. बाबा म्हणाले, तो संपला, छातीची फळी फुटली आहे, आता वाजणार नाही. धाकटी म्हणाली, फुटलेला तरी द्या. त्यांनी दिला नाही. तेव्हापासून दोघांमधली सगळी वाहतूक माझ्यावरून चालायची. "त्यांना सांग, टाकीत ओल असते, मफलर घालून जा म्हणावं." "तिला सांग, तिच्या गजाचे केस बदलायला झालेत, लांबूनही दिसतंय." मी सांगायचे.

*

टाकी जमिनीखाली आहे. विटांचे बहात्तर खांब, वर कमानी. उत्तरेकडून पायऱ्या उतरून तळाशी जायचं. खांबांवर एका उंचीला पांढरी रेघ आहे, पाण्यातल्या चुन्याने उमटलेली. शंभर वर्षं पाणी तिथपर्यंत भरलेलं असायचं. मी त्या तळाशी गमबूट घालून उभी राहिलेली आहे. पण या कार्यक्रमासाठी एका शिल्पकार बाईंनी तिचं जे केलं होतं ते मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी शहरातल्या घरांमधून कुणी न वाजवणारी वाद्यं गोळा केली होती. ज्याचं वाद्य होतं तो आता नाही, किंवा त्याच्या हातून आता वाजत नाही, अशी दोनशे साठ. ती सगळी बारीक पोलादी तारांनी कमानींना टांगली होती आणि सगळी बरोबर त्या पांढऱ्या रेघेच्या उंचीवर आडवी ठेवली होती. तळाशी उभं राहून वर पाहिलं की वाटायचं, पाणी अजून आहे, ही त्याच्यावर तरंगताहेत आणि आपण खाली आहोत. प्रत्येकाच्या मानेला कागदाची चिठ्ठी होती. कुणाचं होतं, एवढंच. 'माझ्या मावशीचं.' 'शिवणकाम करणाऱ्या शेजाऱ्याचं.'

वाद्यवृंद त्यांच्या खाली बसला होता. चाळीस जण, सगळी तंतुवाद्यं. संचालक, म्हणजे मुकादमाचे कंडक्टरसाहेब, उंच, किडकिडीत, बोलताना डोळे मिटणारे. त्यांनी मला पाहून नमस्कार वगैरे काही न करता सांगितलं, "ऐका," आणि हात उचलला.

रचनेचा शेवटचा सूर एकच होता, चेलोंच्या सर्वांत जाड तारेचा, खर्जातला; मोठे बासही तोच वाजवायचे. तो त्यांनी धरला आणि सोडला. त्या टाकीत खालचा सूर विरायला चौदा सेकंद लागतात. सूर खांबांमधून लांब गेला, आणि वरची वाद्यंही त्याच्याबरोबर हळू गुणगुणत होती. जवळचा सूर मिळाला की मोकळी तार आपणहून हलते. पाच-सहा सेकंदांनी त्यात काहीतरी वेगळं ऐकू आलं. आवाज फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा. झोपलेल्या माणसाचं पोट वरखाली व्हावं तसा.

"ऐकलंत?"

"हो."

"सूर शांतपणे संपायला हवा. हा संपतच नाही. श्वास घेतोय."

"मी वाद्यांना कापडं बांधू देणार नाही," शिल्पकार बाई शिडीवरून म्हणाल्या. "ती बोलावीत म्हणूनच तारा चढवल्यात. नुसती टांगायची असती तर भंगारवाल्याकडे काय कमी होती?"

"बाई, दोनशे एकोणसाठ बोलू देत. एकच कुणीतरी डुलतंय. ते शोधायचंय." त्यांनी माझ्या हातात लोकरी कापडाच्या पट्ट्या दिल्या. "सापडलं की तारांखाली सरकवा. साडेपाचला दारं उघडतात."

मुकादम माझ्यामागे खुर्ची घेऊन आला. "दोनशे साठांत एक. ताई, तुमचा डबा मागवून ठेवू का?"

*

डब्याची गरज पडली नाही. मायक्रोफोन ठेवला, त्यांना तो सूर पुन्हा वाजवायला सांगितला आणि पडद्याकडे पाहत राहिले.

दोन रेघा होत्या, जवळजवळ चिकटलेल्या. उंच रेघ ६५.४१ वर. ती वाद्यवृंदाची, जिथे असायला हवी तिथे. तिच्या डाव्या अंगाला बुटकी रेघ ६४.९६ वर. फरक सेकंदाला अर्ध्या आंदोलनाहूनही कमी. दोन सूर इतके जवळ आले की ते दर सव्वादोन सेकंदांनी एकमेकांना गाठतात आणि सोडतात. तोच तो हेलकावा.

एखादी तार उतरली असेल, इतकंच कुणीही म्हटलं असतं. मी सवयीने भागाकार केला. जगभर वाद्यं ज्या सुरावर लावतात तो चारशे चाळीसचा, आणि ६५.४१ त्यावरूनच निघतो. त्याच्याशी प्रमाण धरलं तर या तारेचा मालक तिला चारशे सदतीसवर लावत होता.

मी भागाकार पुन्हा केला. मग पेटीचं झाकण बंद केलं आणि थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले.

चारशे सदतीस हा आमच्या घरचा आकडा आहे. दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

आमच्या घरी एक नादकाटा होता, पोलादी, दोन दांड्यांचा. गुडघ्यावर आपटायचा, मुठीतलं टोक टेबलावर टेकवायचं आणि त्यावरून सगळ्या वाद्यांचे सूर लावायचे. मी लहान असताना तो गंजला. बाबांना गंजलेलं हत्यार बघवत नाही. त्यांनी बारीक कानस घेतली आणि दोन दांड्यांच्या बेचक्यातला गंज घासून घासून चकचकीत केला. नादकाट्याची टोकं घासली तर सूर चढतो, बेचकं घासलं तर उतरतो. तो तीन आंदोलनांनी उतरला. एवढा फरक घरात बसून कळत नाही, कारण घरातलं सगळंच त्याच्यावरून लावलेलं. आईचा चेलो, विद्यार्थ्यांचे चेलो, दुरुस्तीला आलेली व्हायोलिनं. धाकटीचा कानही. ती त्याच सुरात बोलायला शिकली.

सतराव्या वर्षी ती संगीत विद्यालयाच्या निवडीला गेली. परत आली ती डोळे सुजवून. म्हणाली, "तिथे सगळे वर वाजवतात. मी कितीही केलं तरी माझा हात खाली येतो." परीक्षकांनी लिहिलं होतं, हिला सूर नाही. बाबा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तयारी कमी पडली."

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ते सगळे वर कसे असतील, हा प्रश्न मला सोडेना. नादकाटा दप्तरात घालून प्रयोगशाळेत नेला आणि मोजला. घरी येऊन आधी आईला सांगितलं, कारण ती स्वयंपाकघरात होती आणि मला धीर नव्हता.

"किती?" तिने विचारलं.

"चारशे सदतीस."

तिने हातातली सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "बाबांना बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांना हे सोसायचं नाही."

आईने धाकटीला नवीन नादकाटा आणून दिला, दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवलं. का, ते सांगितलं नाही. धाकटीने दोन वर्षं घालवून आपला कान मोडला आणि नव्याने बांधला. पुढच्या वेळी तिची निवड झाली. घरात मात्र आई जुन्याच नादकाट्यावर चेलो लावत राहिली, शेवटपर्यंत. मी कुणालाच काही बोलले नाही. या गोष्टीला चोवीस वर्षं झाली.

म्हणजे आईचा चेलो या टाकीत होता. बाबा म्हणाले होते तो संपला. तो बरा होऊन वर तरंगत होता, आणि कुणीतरी त्याला अजून घरच्या सुरावर लावत होतं. आता मी उठून कापड सरकवलं, तर माझं काम संपत होतं आणि कुणाला काही कळणार नव्हतं. संचालकांना त्यांचा सूर मिळाला असता, बाबांचं गुपित तसंच राहिलं असतं. सांगितलं, तर आपल्या वडिलांनी खोटं बोलून आईचं वाद्य अनोळखी लोकांना दिलं हे धाकटीला कळणार होतं, आणि त्यानंतर माझ्यामार्फत येणारा मफलरचा निरोपही बंद झाला असता.

*

शोधावं लागलं नाही. टाकीत चेलो अकराच होते आणि उत्तरेच्या पायऱ्यांवर आता बाबा येऊन बसले होते.

पायऱ्या तिथे चढत जातात, त्यामुळे पांढरी रेघ मधल्या पायरीवर माणसाच्या छातीशी येते. बाबांनी घडीचं स्टूल मांडलं होतं. त्यांच्यासमोर, हात पोचेल असा, चेलो आडवा टांगलेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'माझ्या बायकोचा.' अक्षर त्यांचं.

"म्हातारा बरा झाला म्हणायचा," मी म्हटलं. आई त्या चेलोला म्हातारा म्हणायची. आज म्हाताऱ्याचा घसा बसलाय, आज म्हातारा कुरकुरतोय.

बाबांनी मफलर सारखा केला. "पाच महिने लागले. छाती उभी फुटली होती. आतून ठिगळं लावली, एकोणीस. वरून बोट फिरव, लागायचं नाही."

"मग धाकटीला खोटं का सांगितलंत?"

"सांगितलं तेव्हा खरं होतं."

"आणि बरा झाल्यावर?"

त्यांनी कोटाच्या खिशातून तो नादकाटा काढला. बेचकं अजून चकचकीत होतं. त्यांनी तो गुडघ्यावर आपटला आणि टोक चेलोच्या लाकडावर टेकवलं. चेलो हळूच बोलला.

"बाबा, तो उतरलेला आहे."

"तीननं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझ्या आईने धाकटीसाठी नवीन आणला ना, त्याच आठवड्यात. दोन्ही एकदम वाजवून पाहिले. लाटा यायला लागल्या. मी वाद्यं दुरुस्त करणारा माणूस आहे, मला कळायला किती वेळ लागणार? कानस मीच चालवली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या आईला माहीत होतं, ती बोलली नाही. मला वाटलं, ती बोलेल तेव्हा कबूल करू. ती मला सांभाळून घेत होती, आणि मला ते कळतंय हे तिला कळू नये म्हणून मी तिला. असं होता होता..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पोरीला मी म्हटलं होतं, तयारी कमी पडली."

"हो."

"ती दिवसाचे सहा तास वाजवायची तेव्हा."

खाली वाद्यवृंदाने सुट्टी घेतली होती. खुर्च्या सरकवल्याचे आवाज खांबांमधून फिरत वर येत होते.

"धाकटीला दिला असता, तर तिने पहिल्या दिवशी तो वर ओढला असता," बाबा म्हणाले. "तिचं बरोबरच आहे. तिला चारशे चाळीसवर पोट भरायचंय. पण तुझ्या आईचा सूर मग कुठेच राहिला नसता. या काट्यात आणि या म्हाताऱ्यात, दोनच जागा उरल्यात. आणि तिने विचारलं असतं, हा खाली का. तेव्हा काय सांगू?"

त्यांनी माझ्या हातातल्या पट्ट्या पाहिल्या. "शेवटच्या सुराला हाच नडतोय ना? मला ऐकू येत होतं. लाव कापड. तुझं काम आहे ते." ते स्टूल घेऊन बाजूला झाले.

मी पट्टी हातात धरून उभी राहिले. लावायला अर्धा मिनिटही लागलं नसतं.

"मी धाकटीला सांगते," मी म्हटलं.

"काय?"

"सगळं. काट्याचं, आईचं, माझं."

"तुझं काय?"

"मी मोजला होता, बाबा. निवड हुकली त्याच महिन्यात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्टूलवर बसले. "म्हणजे आपण तिघं," ते म्हणाले.

*

जुन्या झडपांच्या खोलीत वाजवणाऱ्यांनी आपल्या पेट्या ठेवल्या होत्या. धाकटी एका बंद झडपेच्या चाकावर बसून गजाला राळ लावत होती.

"काय गळतीवाले, सापडलं का भोक?"

"सापडलं. आईचा चेलो आहे."

तिचा हात चालूच राहिला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नादकाटा, कानस, प्रयोगशाळा, स्वयंपाकघर. बाबांना माहीत होतं तेही. मी अहवाल वाचावा तसं सांगत होते, दुसऱ्या रीतीने मला येत नाही. तिने मध्ये एकदाच विचारलं.

"किती?"

"चारशे सदतीस."

"हं." तिने राळ डबीत ठेवली, झाकण लावलं. "मी आल्याआल्या म्हटलं होतं, सगळे वर वाजवतात."

"म्हटलं होतंस."

"म्हणजे मला नीट ऐकू येत होतं."

"अगदी नीट. तुझ्यासारखं नीट कुणालाच येत नव्हतं."

"बाबा म्हणाले, तयारी कमी पडली. आई म्हणाली, थोडी भाजी घे." ती माझ्याकडे बघत होती. "तू काय म्हणालीस? मला आठवत नाहीये."

"काही नाही."

"आणि मोजून आल्यावर?"

"तेव्हाही काही नाही."

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं आणि ते हसू टाकीत बराच वेळ राहिलं. धाकटीने ते संपू दिलं.

"त्या दोन वर्षांत मी आरशासमोर उभी राहून कान पिरगाळायचे," ती म्हणाली. "शिक्षा म्हणून. माहीत होतं तुला?"

"नाही."

तिने चेलो उचलला, गज उचलला. "कुठे आहे तो?"

*

पायऱ्यांवर ती बाबांच्या समोर उभी राहिली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. वाकून चेलोच्या छातीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"सांधा लागत नाही," ती मला म्हणाली.

"उजेडात दिसतो," बाबा तिला म्हणाले.

तीन वर्षांनंतरचं त्यांचं ते पहिलं बोलणं. मी एक पायरी मागे सरले.

धाकटीने जाड तार छेडली. कान लाकडाजवळ नेला आणि डोळे मिटून ऐकत राहिली, आवाज पुरता जाईपर्यंत. मग पुन्हा छेडली. तिसऱ्यांदा छेडली तेव्हा तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने तो उघड्या हाताने पुसला.

"आपलं घर आहे हे," ती म्हणाली.

तिने तारेवर बोट ठेवून ती थांबवली.

"मला वाटायचं, घरी आल्यावर मला बरं वाटतं ते आई वाजवते म्हणून. सूर होता तो."

"चूक माझी होती," बाबा म्हणाले. "कानस मी चालवली. आणि नंतर मान खाली घालून जेवलो."

तिने मान हलवली. हो म्हणून की पुरे म्हणून, ते मला कळलं नाही. तिने स्टूल मागितलं. बाबा उठले, ती बसली, आपला चेलो गुडघ्यांमध्ये घेतला.

"बाबा, वर घ्या त्याला. मी सूर देते."

"कापड लावलं तरी चालेल म्हणतात."

"त्याचं तोंड बांधून मी खाली वाजवू? घ्या वर."

तिने गज टेकवला. खर्जातला सूर निघाला, सरळ, कंप न देता. बाबांनी आईच्या चेलोची जाड तार अंगठ्याने छेडली. दोन्ही आवाज एकत्र झाले आणि हेलकावा सुरू झाला. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, मोजलं मात्र. सव्वादोन सेकंद.

तारेच्या खालच्या टोकाला एक बारीक स्क्रू असतो. बाबांनी तो चिमटीत धरून अगदी थोडा फिरवला. पुन्हा छेडलं. लाट लांब झाली. चार सेकंद. पुन्हा फिरवला. सात. त्यांची बोटं थरथरतात, पण स्क्रूवर थरथरत नाहीत. पुन्हा फिरवला तेव्हा आवाज इतका हळू फुगला की तो बसेल की नाही ते सांगता येईना. बसला.

बाबा तिथे थांबले.

धाकटी गज ओढत राहिली. "अजून थोडा," ती म्हणाली.

त्यांचा हात स्क्रूवर होता, हलत नव्हता. मला समजत होतं. आईचा सूर एवढाच उरला होता.

"बाबा. अजून."

त्यांनी फिरवला. मी मोजायला लागले आणि मोजतच राहिले. लाट आली नाही. कुठला आवाज धाकटीचा आणि कुठला आईच्या चेलोचा, ते मला कानाने सांगता येईना.

धाकटीने गज उचलला. तिघंही टाकी गप्प होण्याची वाट पाहत राहिलो. बाकीच्या तीन तारांना बाबांनी हात लावला नाही आणि तिनेही लावा म्हटलं नाही. शेवटच्या सुरात त्यांचं काम नव्हतं.

खाली उतरताना ती मला म्हणाली, "तुझ्याशी मी सावकाश भांडणार आहे. आज वेळ नाही."

"बरं."

"आणि त्यांना सांग..." ती थांबली, मागे वळली. "बाबा, पायऱ्या ओल्या आहेत. कार्यक्रम होईपर्यंत तिथेच बसा."

*

संचालकांनी विचारलं, "सापडलं?"

"हो. आता डुलणार नाही."

"कापड लावलं?"

"नाही. सुरात घेतलं."

त्यांनी डोळे उघडून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पट्ट्या परत घेतल्या.

सहाला टाकी माणसांनी भरली. पाचशे माणसं खांबांच्या मधून, कोट न काढता बसली होती, आणि सगळी आल्याआल्या मान वर करून तरंगणाऱ्या वाद्यांकडे बघत होती. आपलं कुठलं ते शोधत होती. माझ्या पुढच्या बाईंना सापडलं. त्यांनी शेजारच्या मुलीला बोट करून दाखवलं, मुलीने मान डोलावली, आणि मग दोघींनी हात मांडीवर ठेवले.

मी उत्तरेच्या पायऱ्यांखाली उभी होते. पेटी आणली होती. तिथून धाकटी दिसत होती, चेलोंच्या दुसऱ्या रांगेत, आणि वर बाबाही दिसत होते. ते स्टूल चेलोला लागून घेऊन बसले होते. वरचे सूर त्यांना आता ऐकू येत नाहीत. व्हायोलिनं चालू असताना ते वाजवणाऱ्यांचे हात पाहत होते.

रचना चाळीस मिनिटांची होती. संगीताबद्दल मला लिहिता येत नाही. एवढं सांगते की ती हळूहळू खाली उतरत गेली. व्हायोलिनं थांबली, मग त्यांच्याहून मोठी, आणि शेवटी फक्त चेलो आणि बास राहिले. मग तो सूर आला. बाबांनी उजवा तळहात आईच्या चेलोच्या कुशीवर ठेवला, तारांना धक्का लागणार नाही असा.

संचालकांनी हात सोडला. गज तारांवरून उठले.

पडद्यावर एक रेघ होती. तिच्या डाव्या अंगाला मी बघत राहिले, तिथे काही नव्हतं. रेघ बुटकी होऊ लागली. सात, आठ, नऊ. कुठेही फुगवटा नाही, लाट नाही. मला जे करायला बोलावलं होतं ते झालं होतं. अकराव्या सेकंदाला मी पडदा बंद केला, कारण मला आवाज अजून येत होता की मला तसं वाटत होतं, हे माझं मलाच ठरवता येईना, आणि ते यंत्राला विचारावंसं वाटलं नाही.

मी वर पाहिलं. धाकटीही मान वळवून वरच पाहत होती. बाबांचा तळहात लाकडावर होता, आतला कंप अजून हाताला लागत असावा तसा. डोळे उघडे होते.

कितीतरी वेळाने त्यांनी हात काढून मांडीवर घेतला. तेव्हा आम्हा दोघींना कळलं की सूर संपला.